जिथे उंबर होता, तिथून शंभर मीटर

विहीणबाईंना पत्ता हवा होता. बाकी काही नको, फक्त पत्ता. तोही इंग्रजीत, आणि कागदावर लिहिलेला. आता पत्ता लिहून द्यायला कुणाला मेला कधी तीन आठवडे लागतात का? एलादिओंना लागले. आणि एलादिओ कोण, तर अडतीस वर्षं टपाल कचेरीत पत्ते वाचण्यात हयात घालवलेले गृहस्थ!

त्याचं झालं असं, की त्यांची मुलगी योर्लेनी स्कॉटलंडमध्ये नर्स आहे आणि तिकडच्याच एका मुलाशी लग्न करून बसली आहे. तिचा फोन आला.

"पपा, माझ्या सासूबाई येताहेत तिकडे फिरायला. आणि आयल्साला बरोबर आणताहेत."

एलादिओंच्या हातातला कॉफीचा पेला तिथेच थांबला. आयल्सा म्हणजे नात. साडेसात वर्षांची. तिला त्यांनी आजवर पाहिलं होतं ते फोनच्या काचेवर. काचेवर ती पडलेला दात दाखवायची, मग मांजर दाखवायची, मग "बाय" म्हणायची, संपलं. तिला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. तिच्याशी बोलता यावं म्हणून तर एलादिओ वयाच्या बासष्टाव्या वर्षापासून दप्तर घेऊन इंग्रजीच्या शिकवणीला जात होते, दोन वर्षं.

"दहा दिवसांची सहल आहे," योर्लेनी म्हणाली. "सगळे दिवस ठरलेले. फक्त एक शनिवार मोकळा आहे. एक वाजता तुमच्याकडे जेवायला येतील आणि चारला निघतील, कारण पाचला राजधानीतून त्यांची बस समुद्राकडे जाते. तीन तास मिळताहेत पपा, भांडू नका."

"मी आणायला जातो की त्यांना!"

"नको. मोरागना, म्हणजे सासूबाईंना, कुणी आणायला आलेलं खपत नाही. गाडी भाड्याने घेणार आहेत, स्वतः चालवणार आहेत. फोनमधला नकाशाही नको म्हणतात. कागदावर पत्ता लिहून द्या म्हणाल्या, मी येते बरोबर."

एलादिओंना ही बाई न बघताच आवडली. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हो म्हणून बसलो खरे, पण आपल्या घराला पत्ता कुठे आहे?

कारण सान एफ्रेनमध्ये रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना नंबर नाहीत. कुणाचं काही अडतही नाही. घर सांगायचं ते चर्चपासून, नाहीतर पिठाच्या गिरणीपासून, नाहीतर उंबरापासून. उंबर वादळात पडला त्याला एकोणतीस वर्षं झाली. त्या जागी आता दातांचा दवाखाना आहे. पण त्या डॉक्टरने स्वतःच्या पाटीवर काय लिहिलंय? 'जुन्या उंबराच्या जागी'. आणि शंभर मीटर म्हणजे एक गल्ली. गल्ली ऐंशी मीटरची असो की दीडशेची, ती शंभरच. मोजायला कोण जातो?

एलादिओंची बायको सोराइदा म्हणाली, "अहो, नगरपालिकेत जा की. तीन वर्षांपूर्वी निळ्या पाट्या करणार होते ना घरांच्या नंबरांच्या?"

एलादिओ गेले. खिडकीतल्या बाईने जाडजूड वही काढली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुमच्या गल्लीच्या पाट्या तयार आहेत. केव्हाच्या."

"मग लावल्या का नाहीत?"

"लावणारी माणसं गेली होती. गल्ली सापडली नाही त्यांना."

"सापडली नाही? अहो, भर गावात आहे!"

"मग अर्ज करा. इथे नाव लिहा, आणि इथे अचूक पत्ता."

एलादिओंनी अचूक पत्ता लिहिला : उंबर होता तिथून डावीकडे पन्नास मीटर, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पुढे, हिरवं घर. बाईने वाचला आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, हे होय! माझी मावसबहीण राहते तिथे मागे. मग एवढं सरळ असताना तुम्हाला नंबर हवाय कशाला?"

अर्ज तिने परत दिला. एलादिओ तोंडात मारल्यासारखे घरी आले. खरं सांगायचं तर मनातून त्यांना थोडं बरंच वाटलं होतं. विहीणबाईंचा स्कॉटलंडमधला पत्ता त्यांच्याकडे होता : चौदा, अमुक रस्ता. चौदा! चौदा म्हणजे काय? कुणाच्या शेजारी, कशाच्या समोर, दारात काय आहे, काही म्हणता काही नाही. असा पत्ता सांगणारी माणसं राहतात तरी कशी, याचा ते दोन दिवस विचार करत होते.

शेवटी ठरलं. पत्ता आपण आपल्याच पद्धतीने लिहायचा, पण असा इंग्रजीत लिहायचा की विहीणबाईंनी वाचत राहावं.

इथे मिस व्हर्लीनबद्दल सांगायला हवं. एलादिओंच्या या शिक्षिका लिमोन बंदराच्या. तिकडच्या लोकांच्या घरात इंग्रजी आजी-पणजीपासून बोलतात. त्यांचे वडील केळ्यांच्या आगगाडीवर होते, त्यामुळे व्याकरणही रुळांवरून चालायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक इंजिन काढलं होतं.

"हे तुमचं सर्वनाम. मी, तू, तो, ती. त्याच्यामागे क्रियापद आलं की गाडी हलली. पण नुसतं इंजिन घेऊन कुणी लिमोनहून निघतं का? मागे डबे हवेत. आणि डब्याला डबा जोडायला कडी हवी. आणि, पण, कारण, जिथे, जेव्हा. या कड्या. त्यांना म्हणायचं उभयान्वयी अव्यय. आणि एक लक्षात ठेवा, काका, तीनच कड्या. चौथी लावलीत की चढावर गाडी मागे येते."

एलादिओंना या कड्यांचं वेडच लागलं. इंजिनाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. 'आय' म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. पण एकदा का पहिली कडी अडकली की मग गडी थांबायचं नाव नाही. आणि, पण, कारण, आणि, पण, कारण, अशी गाडी धडधडत जायची आणि वर्गातली बाकीची पोरं वह्या मिटून बघत बसायची.

तर एलादिओंनी पत्ता लिहायला घेतला. पहिला मसुदा छान सुटसुटीत होता, तीन कड्यांचा. तो घेऊन ते कोपऱ्यापुढच्या फ्लोरीबाईंच्या दुकानात गेले, आणि तिथेच चुकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"माझं दुकान कुठाय यात?" फ्लोरीबाईंनी विचारलं.

"दुकान कशाला? गल्लीत वळलं की सरळ घरच..."

"वा रे वा! बत्तीस वर्षं माझ्याकडचा पाव खाताय, आणि तुमच्या विहिणीने माझं दुकान न बघता पुढे जायचं? घाला. आणि नुसतं दुकान घालू नका, पाव ताजा असतो म्हणून घाला."

"फ्लोरीबाई, हा पत्ता आहे, जाहिरात नाही."

"मग पावही उद्यापासून पत्त्यावर पाठवते हं, स्कॉटलंडच्या!"

घातला पाव. तेवढ्यात शेजारचे रिगोबेर्तो कुत्र्याला घेऊन आले. त्यांना काल कुणीतरी सांगितलं होतं की पत्त्यात कुत्रा आहे.

"काय लिहिलंय त्याच्याबद्दल?"

"कुत्रा आहे, असं लिहिलंय."

"नुसतं आहे? अहो, परक्या देशातली बाई, तिला वाटेल चावरं असेल. बिचारा चौदा वर्षांचा आहे, त्याला दात तरी आहेत का? त्याची बदनामी कशाला? लिहा, म्हातारा आहे आणि चावत नाही."

असं करता करता ओढा आला, कारण उजवीकडे वळलं तर गाडी पाण्यात जाईल ही काळजी फ्लोरीबाईंना. एलादिओ रोज संध्याकाळी ओट्यावर उभे राहून ते वाक्य मोठ्याने म्हणायचे, आणि रोज कुणी ना कुणी थांबून आपला डबा जोडून जायचं. फ्लोरीबाईंनी तर आपला भाग पुठ्ठ्यावर लिहून घेतला, इंग्रजीत, आणि गल्ल्याच्या वर टांगला. पाव बांधता बांधता त्या तो पाठ म्हणायच्या. रिगोबेर्तो कुत्र्याला फिरवताना म्हणायचे. अर्थ विचारला तर दोघांनाही छातीठोक सांगता आला नसता, पण उच्चार पक्के होते, म्हणजे एलादिओंइतके पक्के.

तिसऱ्या आठवड्यात वाक्य पुरं झालं. ते आपल्या भाषेत असं :

'तुम्ही चर्चपासून निघा आणि दक्षिणेला शंभर मीटर या, जिथे एक उंबर होता पण आता नाही कारण तो पडला, आणि तिथून डावीकडे वळा कारण उजवीकडे ओढा आहे, आणि पन्नास मीटर चाला, जिथे एक दुकान आहे आणि तिथे गावातला सगळ्यात ताजा पाव मिळतो, पण पुढे एक कुत्रा आहे, पण तो म्हातारा आहे आणि चावत नाही, आणि मग हिरवं घर दिसेल, आणि दार वाजवू नका पण "उपे" अशी हाक मारा कारण आत तितो वाट बघतो आहे.'

तितो म्हणजे आजोबा. आणि 'उपे' म्हणजे, कुणाच्याही दारात गेल्यावर 'आहे का कुणी घरात?' या अर्थाने आपण म्हणतो तेच. दार ठोठावायला आपण काय वसुलीवाले आहोत?

मिस व्हर्लीननी चष्मा लावून वाचलं. मग पेन्सिलीने एक एक कडी मोजली.

"सोळा. काका, ही गाडी लिमोनला नाही पोचायची. वाटेत डोंगर आहे."

"चूक कुठे आहे ते सांगा."

"चूक कुठेच नाही, हीच तर पंचाईत आहे. पण शेवटचं काढा. वाट बघतो आहे, हा काही पत्ता नव्हे."

एलादिओ एवढे गरीब गृहस्थ, पण या वेळी मान हलेना.

"सगळं काढा, मिस. पाव काढा, कुत्रा काढा. ते राहू द्या."

मिस व्हर्लीननी पेन्सिल खाली ठेवली आणि काहीच काढलं नाही.

पत्र अर्थातच टपालाने गेलं, चांगली तिकिटं लावून. टपालातला माणूस कधी फोनवर फोटो पाठवतो का? पत्र पोचल्याचं योर्लेनीने कळवलं. "मोरागनी तीनदा वाचलं," ती म्हणाली.

सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर सोराइदाबाईंना काही सुचायला नको होतं का? पण सुचलं. त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी एलादिओ शिकवणीहून परत आले आणि स्वतःचं घर ओलांडून पुढे गेले. कुत्र्यापर्यंत मागे येऊन त्यांनी पुन्हा मोजलं. त्यांच्या जागी एक पिवळं घर उभं होतं. पिकलेल्या पपईसारखं पिवळं.

"आवडलं?" सोराइदाबाई दारात उभ्या होत्या. "म्हटलं, पहिल्यांदा येताहेत विहीणबाई, त्या कळकट हिरव्या भिंती काय दाखवायच्या?"

"अगं बाई! पत्रात हिरवं लिहिलंय!"

"मग लिहायचं कशाला? रंग काय कायम राहतो? इतकं मोठं चर्च लिहिलंय, ते पुरे नाही होय?"

यावर जे भांडण झालं ते रिगोबेर्तोंच्या कुत्र्यानेही ऐकलं, आणि त्याला गेलं वर्षभर काही ऐकू येत नाही म्हणतात. पण रंग ओला होता, आणि शनिवार परवावर आला होता.

शनिवारी एक वाजता एलादिओ टाय बांधून ओट्यावर उभे. आत मांसाचा आणि मक्याच्या कणसांचा रस्सा रटरटतोय. दीड वाजला. दोन वाजले. सोराइदाबाईंनी रस्सा दोनदा उतरवून दोनदा चढवला. अडीच वाजता रिगोबेर्तो रमतगमत आले.

"पांढरी गाडी आहे का हो तुमच्या विहिणीची? ती केव्हापासून चर्चला फेऱ्या घालतेय. काखेत कळसा नि गावाला वळसा! म्हातारी गाडीतल्या काट्यावर मीटर मोजते, बरोबर शंभरावर थांबते, खाली उतरून बघते. तिथे चपलांचं दुकान. झाड नाही, दवाखाना नाही. परत चर्च."

एलादिओंचं धाबं दणाणलं. ती गल्ली एकशे चाळीस मीटरची होती! अडतीस वर्षं त्या गल्लीत पत्रं वाटली, आणि माणूस शंभर म्हटलं की शंभर मोजतो हे एकदाही डोक्यात आलं नाही.

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तिने विचारलं मला काहीतरी. मी हो म्हटलं."

"काय विचारलं?"

"ते मला काय कळतंय? परकी बाई, नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं, हसलो, आणि ती गिरणीकडे निघून गेली."

एलादिओ पळत सुटले. चौसष्टाव्या वर्षी, टायसकट. चर्चपाशी गाडी नव्हती. गिरणीपाशी नव्हती. परत उंबराच्या जागी आले. शनिवार म्हणून डॉक्टरांचा दवाखाना बंद. ते तिथेच फुटपाथवर उभे राहिले, की बाई, झाड नाही तर नाही, निदान मी दिसेन. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. एवढीशी पोर साता समुद्रांपलीकडून आली, गावात आली, चाळीस मीटरवर येऊन परत जाणार. आणि का? तर आजोबाला शहाणपण दाखवायचं होतं म्हणून. बैल गेला नि झोपा केला! सोळा कड्या लावल्या आणि एकही मीटर मोजला नाही.

साडेतीनला फ्लोरीबाई दुकानातून बाहेर आल्या आणि फळ्या लावायला लागल्या. गुड फ्रायडेलाही अर्धं दार उघडं ठेवणारी बाई!

"हे काय?"

"तुम्ही घरी जा. यजमान घरात नको का? इथे मी उभी राहते."

"फ्लोरीबाई, तुम्हाला इंग्रजी..."

"माझं मला येतं. जा म्हणते ना!"

एलादिओ घरी आले आणि बैठकीत बसले. सोराइदाबाईंनी पाण्याचा पेला दिला. तोही न भांडता, तेव्हा एलादिओ खरे घाबरले. भिंतीवर पावणेचार झाले. मग एलादिओ हळूच म्हणाले, "रंग चांगला आहे गं. उगाच बोललो मी."

आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून आवाज आला. फ्लोरीबाईंचा. बाजारात मासे विकणाऱ्या बायकांनी कानावर हात ठेवावा असा.

"जिथे एक उंबर होता पण आता नाही कारण तो पडला! डावीकडे वळा कारण उजवीकडे ओढा आहे!"

एलादिओ ताडकन उठले. इंग्रजी! शुद्ध इंग्रजी, म्हणजे त्यांचंच. आणि त्यामागून एक बारीकसा आवाज, वाचून दाखवणारा, अडखळत नाही, घसरत नाही : 'आणि पन्नास मीटर चाला, जिथे एक दुकान आहे...' आणि लगेच फ्लोरीबाई : "आणि तिथे गावातला सगळ्यात ताजा पाव मिळतो! धर, हा घे!"

मग बहुधा पाव खाल्ला जात असावा. मग रिगोबेर्तो, घसा खाकरून, अगदी सभेत बोलावं तसे : "पण तो म्हातारा आहे आणि चावत नाही!"

खळखळून हसण्याचा आवाज आला. लहान पोरीचा. काचेतून यायचा तसा तुटक नव्हे, सलग.

पावलं जवळ आली. फाटकाशी आली. आणि फाटकावरून पुढे गेली.

"अहो, पुढे गेली!" सोराइदाबाई किंचाळल्या. "ती हिरवं घर शोधतेय! बोला ना काहीतरी! दोन वर्षं काय झक मारायला शिकलात?"

एलादिओ धावत ओट्यावर आले, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं नुसतं इंजिन. "मी..." रस्त्यावर एक उंच पांढऱ्या केसांची बाई पाठमोरी चालली होती, आणि तिच्यापुढे हातात कागद घेतलेली, गालाला पावाचा चुरा लागलेली मुलगी. "मी... मी..." गाडी हलेना. मग कुठून कोण जाणे, एक कडी सापडली.

"हे घर हिरवं होतं!" ते इंग्रजीत ओरडले. "पण आता पिवळं आहे! कारण माझी बायको फार चांगली आहे! आणि तुम्ही पुढे जाऊ नका!"

मुलगी थांबली. वळली. तिने घराकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, मग 'हिरवं' या शब्दावर बोट ठेवून आजीला काहीतरी दाखवलं. मग दोघी परत आल्या. आता एलादिओ फाटकापासून दोन हातांवर उभे होते, आणि ती त्यांना बघत होती. पण कागदात जे लिहिलंय ते लिहिलंय. तिने पाय जुळवले, श्वास घेतला आणि त्यांच्या तोंडावर हाक मारली :

"उपे!"

"या, या, आत या," एलादिओ म्हणाले, आणि ते इंग्रजी नव्हतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. आयल्साने कागद वर धरून शेवटचा डबा वाचला, "कारण आत तितो वाट बघतो आहे," आणि विचारलं, "तितो म्हणजे तूच ना?"

"मी," एलादिओ म्हणाले. या वेळी मागे काही जोडावं लागलं नाही.

ओट्याच्या पायरीशी मोरागबाईंनी सोराइदाबाईंचा हात हातात घेतला आणि मग घड्याळ पाहिलं. चारला सहा मिनिटं कमी होती. फ्लोरीबाई आणि रिगोबेर्तो फाटकाबाहेर श्वास रोखून उभे होते.

"पत्र फार सुंदर होतं," त्या सावकाश म्हणाल्या, एलादिओंना कळावं म्हणून एक एक शब्द सोडवून. "आम्ही गिरणी पाहिली, आणि स्मशान पाहिलं, आणि चपलांचं दुकान सहा वेळा पाहिलं. शेवटी गाडी चर्चपाशी ठेवली आणि आयल्सा म्हणाली, भेटेल त्याला वाचून दाखवू या. बस पाचला सुटते आणि आम्हाला निघायला हवं..."

एलादिओंचा चेहरा उतरला. पण दोन वर्षांची शिकवणी काही वाया जात नाही. बाईंचा आवाज खाली आला नव्हता, पुढे कडी होती. ते मोरागबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पण," आयल्साच मध्ये बोलली, "मला भूक लागलीय, आणि कसला तरी छान वास येतोय, आणि कुत्र्याला परत भेटायचंय, आणि आपल्याकडे गाडी आहे, आणि समुद्र काही उद्या कुठे जाणार नाही."

मोरागबाईंनी नातीकडे पाहिलं, मग तिच्या आजोबांकडे पाहिलं, आणि घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. सोराइदाबाई आत जाऊन ओरडल्या की रस्सा तिसऱ्यांदा तापला आहे, आता मुकाट्याने पानावर बसा. फ्लोरीबाईंना आणि रिगोबेर्तोंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी तेही बसले. एलादिओंनी नातीला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि तिच्या कड्या मनातल्या मनात मोजल्या. पाच होत्या.